मागल्या तारखेची माघार

नोरीन दुदा सोळा वर्षं स्क्रँटनच्या जिल्हा कोर्टात बसून लोक जे बोलत ते टिपत होती. खून, घटस्फोट, कुंपणावरची भांडणं, दुसऱ्याच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरून पडलेल्यांचे दावे, सगळं तिच्या लघुलेखनाच्या बावीस बटणांच्या यंत्रातून गेलं. या कामात बोलायचं नसतं, चेहरा हलवायचा नसतो आणि साक्षीदार रडायला लागला तर त्याच्या नावापुढे काहीच लिहायचं नसतं, कारण रडणं हे उत्तर नव्हे. शेवटी खाली एक वाक्य घालून सही करायची: वरील मजकूर खरा आणि पूर्ण आहे. अशा काही हजार सह्या तिने केल्या होत्या. त्यातला एकही मजकूर तिचा नव्हता.

डॉक्टर होण्याचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते या यंत्रामुळेच. एका दाव्यात शवविच्छेदन करणारे एक म्हातारे डॉक्टर साक्षीला आले होते. त्यांच्या तोंडचे सात-आठ शब्द तिला नीट लावता आले नाहीत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती कागद घेऊन त्यांच्याकडे गेली. शब्द सांगता सांगता त्या भल्या माणसाने पाकिटाच्या पाठीवर यकृत काढलं, त्यातून रक्त कुठून येतं, कुठे जातं ते दाखवलं आणि आपलं सँडविच अर्धवट टाकून पुन्हा पिंजऱ्यात उभा राहिला. दुपारभर दोन्ही बाजूंचे वकील त्याला प्रश्न विचारत होते, आणि आपल्याला जे समजतंय ते यांच्यापैकी एकालाही समजत नाही हे टिपणाऱ्या बाईच्या लक्षात येत होतं. चेहरा अर्थात हलला नाही.

संध्याकाळी तिने हे नवऱ्याला सांगितलं. रेजिस दुदा शाळांतली आणि दवाखान्यांतली खाऊची यंत्रं दुरुस्त करत असे. पैसे गिळून वेफर्स न देणारी. तो कोबी-शेवया परतत होता.

"तर मग हो की डॉक्टर," तो म्हणाला. दूध संपलंय, येताना आण, असं म्हणावं तसं.

"चौतिसाव्या वर्षी?"

"मग काय, चाळिसाव्या वर्षी होणार होतीस?"

नोरीनची पदवी इतिहासाची. वैद्यकीय कॉलेजाच्या दारात उभं राहायचं तर आधी रसायन, जीवशास्त्र, पदार्थविज्ञान वगैरे प्रयोगशाळेसकट करावं लागतं. ते करण्याचे राजमार्ग देशात कुठेकुठे आहेत, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं ते डोंगराच्या पायथ्याचं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, जिथे परिचारिका, वातानुकूलन यंत्रवाले आणि नोकरी गेलेले लोक संध्याकाळी शिकायला येत. तिने सप्टेंबरात रसायनशास्त्राला नाव घातलं. कोर्ट सुटलं की सॅलडचा डबा गाडीतच खायचा आणि सहाच्या वर्गाला जाऊन बसायचं. वर्षाअखेर ए श्रेणी मिळाली. पुढच्या सप्टेंबरात तिने जीवशास्त्र घेतलं, आणि ऑक्टोबरात रेजिसच्या पोटदुखीचं नाव कळलं. स्वादुपिंड.

दुदांचं घर दुमजली. खाली रेजिसची आई स्टेला, वर हे दोघं. वरच्या पुढच्या खोलीत खिडकीशी दवाखान्याचा भाड्याचा पलंग आला. नोरीनने कॉलेज सोडायचं ठरवलं, तर रेजिस म्हणाला, "आणि इथे बसून काय करशील? माझ्याकडे बघत राहशील. ते मला नको. पुस्तक आण."

तेव्हापासून रोज रात्रीच्या जेवणानंतर तो तिची परीक्षा घेऊ लागला. पुस्तक अडीच किलोचं. आधी तो ते छातीवर उभं धरून प्रश्न विचारायचा. फेब्रुवारीत ते वजन त्याच्याने पेलेना, तेव्हा नोरीन पुस्तक धरायची, तो बोट ठेवून प्रश्न वाचायचा आणि ती डोळे मिटून उत्तर द्यायची. पेशींच्या भागांची नावं तो अशी उच्चारत असे, की जणू आजोबांच्या देशातली ती खेडी होती आणि तिथे अजून नातेवाईक राहत होते. शाळेत असताना त्याला जीवशास्त्रात पस्तीस मार्क पडले होते. मार्चमध्ये तो तिच्या चुका पुस्तक न बघता काढू लागला.

अडतिसावं प्रकरण पचनसंस्थेचं. त्यात पान उलटल्यावर डाव्या हाताला स्वादुपिंडाचं मोठं रंगीत चित्र होतं. नोरीन ते पान पटकन उलटणार होती.

"थांब," रेजिस म्हणाला. "साहेबांचा फोटो आहे." त्याने बराच वेळ ते पाहिलं. "रंग बरा दिलाय. माझा काही असा नसणार. चल, याला किती नळ्या असतात?"

तिने बरोबर सांगितलं.

एकोणचाळीस प्रकरणं झाली होती तेव्हा, एकोणीस एप्रिलला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी रेजिस गेला. वेळ तिच्या लक्षात राहिली. सवय.

कॉलेजच्या कचेरीतल्या बाईंनी स्वतःहून फोन केला. बाई मायाळू होत्या. म्हणाल्या, "मिसेस दुदा, तुम्ही हे सत्र सोडून द्या. मी इथे माघार एवढंच लिहिते. कोणी काही विचारत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा करा." नोरीनने आभार मानले आणि नको म्हणाली. दफनानंतर अकराव्या दिवशी ती काळ्या कोटातच परीक्षेला जाऊन बसली. मागच्या बाकावरच्या वातानुकूलनवाल्याने तिला च्युइंगगम दिलं. ती जराशी कमी पडली, पण बी प्लस आला. चर्चच्या तळघरात जेवणाला जमलेल्या बायका यावर जे बोलल्या ते तिच्यापर्यंत पोचलं. काळीज घट्ट आहे हो बाईचं, असं. त्यावर तिला काही सांगता आलं नसतं आणि कोणी विचारलंही नाही.

त्यानंतर दोन वर्षं तिने काही केलं नाही. कोर्टात गेली, परत आली. बायबलच्या खणात रसायन आणि जीवशास्त्राची गुणपत्रकं ठेवून दिली. मग एका शनिवारी डेंटिस्टकडे वाट बघताना मासिकात एक लेख निघाला: ज्यांनी आयुष्यभर भलतंच काही केलं आणि मग डॉक्टर व्हायचं ठरवलं, अशा लोकांसाठी काही कॉलेजं खास एका वर्षात चारही शास्त्रं शिकवतात. पुढे वैद्यकीय कॉलेजाशी त्यांचं संधान असतं. वर्ष नीट पार पडलं तर रांगेत न ताटकळता आत जाता येतं. लेखाबरोबर फोटो होता. त्यात एक नर्तकी, एक नौदलातला माणूस आणि एक माजी शेअर दलाल एका सूक्ष्मदर्शकाभोवती हसत उभे होते. सूक्ष्मदर्शकात कोणीच बघत नव्हतं.

नोरीनने डेंटिस्टला न विचारता ते पान फाडलं. सोळा वर्षांत तिने केलेला हा पहिला गुन्हा.

फिलाडेल्फियाच्या बाहेरचं एक कॉलेज तिने निवडलं. गाडीने दोन तास. मग वर्षभर अर्जाची तयारी चालली. हे अर्ज म्हणजे एक स्वतंत्र धर्म आहे आणि त्याचे आचार कडक आहेत. शिफारसपत्रं तीन. शनिवारी दवाखान्यात निळं जाकीट घालून फुकट चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या, त्याचे तास लिहून ठेवायचे. एखाद्या डॉक्टरच्या मागे सावलीसारखं फिरायचं, त्याचेही तास. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे निबंध: मला डॉक्टर का व्हायचंय. त्यातही रीत ठरलेली. पहिल्या परिच्छेदात दुःख, दुसऱ्यात अंधार, तिसऱ्यात उजेड, चौथ्यात कॉलेजचं नाव. ज्यांच्या घरात कोणी मेलेलं नाही त्यांची पंचाईत होते असं म्हणतात. नोरीनची सोय होती, पण तिला लिहिता येईना. इतकी वर्षं दुसऱ्यांचे शब्द घेतल्यावर स्वतःचा शब्द कुठून काढायचा हेच ती विसरली होती. शेवटी तिला जसं येत होतं तसंच तिने लिहिलं: अमुक तारखेला अमुक झालं, अमुक वेळेला तमुक म्हणाला. दीड पान. खाली सही.

मार्चमध्ये मुलाखत झाली. एप्रिलच्या शेवटी त्या अभ्यासक्रमाच्या प्रमुख डॉ. मिरियम ऑस्टरवाइल यांचा फोन आला, तेव्हा नोरीन कोर्टाच्या गाडीतळावर होती.

"नोरीन, तुमचा निबंध मी समितीला मोठ्याने वाचून दाखवला," ऑस्टरवाइलबाई म्हणाल्या. "वीस वर्षांत विशेषण नसलेला हा पहिला. आम्हाला तुम्ही हव्या आहात."

नोरीनने गाडीला हात टेकला.

"एक अडचण आहे. तुमचं जीवशास्त्र."

"बी प्लसमुळे?"

"बी प्लस आहे याच्यामुळे नाही. ते झालेलं आहे, यामुळे." बाई समजावू लागल्या. "आमच्याकडे येतात ते अगदी कोरे लोक. ज्याला चारांतलं एखादं शास्त्र पुरं झालंय त्याला आम्ही चालवून घेतो. दोन पूर्ण झाली की तो आमच्या व्याख्येत बसत नाही. संधान असलेली वैद्यकीय कॉलेजं हे फार काटेकोर बघतात. तुमचं रसायन पुरं, जीवशास्त्र पुरं."

"म्हणजे मी अभ्यास केला नसता तर बरं झालं असतं."

"असं म्हटलं की वाईट ऐकू येतं," ऑस्टरवाइलबाई म्हणाल्या.

"आणि दुसऱ्या प्रकारचे अभ्यासक्रम असतात ना?"

"ते ज्यांची चारही झालीत त्यांच्यासाठी. तुम्ही मधेच आहात." पलीकडे कागद हलल्याचा आवाज आला. "ऐका. तुमच्या जीवशास्त्राचं दुसरं सत्र बघितलं मी. तारखाही बघितल्या. त्याच सत्रात मिस्टर दुदा गेले. जवळचं माणूस गेलं तर बहुतेक कॉलेजं मागल्या तारखेने माघार देतात. एक अर्ज असतो. ते सत्र निघालं की जीवशास्त्र अर्धवट राहतं, आणि मग तुम्ही आमच्या. एक जूनपर्यंत नवं गुणपत्रक द्या, तोपर्यंत मी जागा धरून ठेवते."

"पण मी परीक्षा दिली. पास झाले."

"नोरीन, हा खोटेपणा नाही. हा कागद आहे." आवाजात खरी कळकळ होती. "आणि नवरा गेल्यावर दोन आठवड्यांत कोणालाही शिकता येत नाही, हे लिहायला कोणाची हरकत आहे?"

अर्ज एक पानाचा होता. त्याला तीन कागद जोडायचे: मृत्यूचा दाखला, शिक्षकांचं पत्र, आणि अर्जदाराचं सहीचं निवेदन, की त्या काळात शोकामुळे अभ्यास करणं मला अशक्य झालं होतं.

दाखले स्टेलाकडे होते. अंत्यविधीवाल्याने सांगितलं होतं की दहा तरी काढून ठेवा, हे नेहमी कमी पडतात; त्यांतले सहा उरले होते, बिस्किटांच्या डब्यात. स्टेला अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी खिळलेली, तोंडाने नाही.

"मा, एक दाखला हवाय," नोरीन म्हणाली.

"तो गेलाय हे आता कोणाला पटत नाहीये?"

"कॉलेजला द्यायचाय. तो शेवटचा अभ्यास रद्द करून घेते. त्या वेळी मला अभ्यास जमत नव्हता असं लिहून द्यायचं."

स्टेलाने डबा मांडीवर घेतला पण झाकण उघडलं नाही. "जमत नव्हता? मी इथे खाली झोपायची पोरी. छत काय जाडीचं आहे? रोज रात्री तुमचं दोघांचं चालायचं. एकदा तर तो एवढा हसला की मी काठीने छत ठोकलं. मरायला टेकलेला माणूस, आणि मी त्याला गप्प बस म्हणून ठोकलं." ती थोडा वेळ डब्याकडे बघत राहिली. "कशाला हसला होता?"

"मी गांडुळाला पाच हृदयं असतात म्हटलं. तो म्हणाला, तरी बघा, नोकरी कसली करतं."

स्टेला हसली नाही. तिने झाकण काढून वरचा दाखला दिला. "सही कर. मेलेल्याचं काय जातंय. तू डॉक्टर झालीस तर त्याला आवडेल. मी काही बघायला नसणार, पण गुडघे तुलाच दाखवले असते."

"दोन-तीन दिवसांत करते."

"आजच कर. तुला विचार करायला वेळ दिला की तू खराब करतेस."

शिक्षक होते मिस्टर गिल्हूली, सत्तरीला आलेले, सरकारी कॉलेजात तीस वर्षं बेडूक कापून घेतलेले. विद्यार्थ्यांना ते आडनावाने हाक मारत. त्यांच्या खोलीत फॉर्मॅलिनचा आणि कॉफीचा वास एकत्र येई, दोन्ही एकाच प्रकारच्या बाटल्यांत असत.

"मिसेस दुदा, तुम्हाला शिकता येत नव्हतं असं पत्र हवंय," त्यांनी अर्ज वाचून म्हटलं. "माझ्याकडून."

"चालेल का?"

"न शिकलेल्यांना शिकलेत म्हणून तीस वर्षं सह्या दिल्या. उलटं कधी कोणी मागितलं नव्हतं." त्यांनी चष्मा पुसला. "लिहितो. तुम्ही गेलात तर त्या फिलाडेल्फियावाल्यांना जरा अक्कल येईल."

त्यांनी दोन ओळी लिहिल्या. पत्र घरी आणून नोरीनने टेबलावर ठेवलं. निवेदनाचा मजकूर तयारच होता. कॉलेजनेच छापून दिला होता, फक्त तारखा भरायच्या. तिने तारखा भरल्या. सहीची जागा कोरी ठेवून ती भांडी घासायला उठली, आणि तशीच ती जागा नऊ दिवस राहिली. अर्जावर सरकारी कॉलेजच्या समितीपुढे सुनावणी होती, त्या सकाळी तिने गाडीत बसून सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

समिती तीन माणसांची. अध्यक्ष मिसेस पेट्रोस्की, विद्यार्थी-कल्याण बघणाऱ्या; त्यांच्या दोन्ही बाजूंना एकेक प्राध्यापक, ज्यांना अजून एक बैठक होती. टेबलावर पाण्याचा तांब्या आणि कागदी रुमालांचा डबा नोरीनच्या बाजूला सरकवून ठेवलेला. ती खुर्चीवर बसली आणि पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं की खोलीत टिपून घेणारं कोणी नाही. आपण जे बोलू ते फक्त बोललं जाईल. याची तिला भीती वाटली.

"अगदी दोन मिनिटांचं काम आहे," मिसेस पेट्रोस्की म्हणाल्या. "फक्त एक शंका. बी प्लस. म्हणजे तसा चांगलाच आहे. असे अर्ज सहसा नापास झालेले करतात. आम्हाला फाइलमध्ये काहीतरी दाखवावं लागतं. मिस्टर गिल्हूली, तुम्ही काही सांगू शकाल?"

गिल्हूली आपली जुनी वही घेऊन आले होते. त्यांनी ती उघडली. बाईंना मदत करायची त्यांची इच्छा होती हे स्पष्ट दिसत होतं. "शेवटच्या परीक्षेत बेचाळीस प्रकरणांवर प्रश्न होते. एकोणचाळीसपर्यंत मिसेस दुदांचा एकही मार्क गेलेला नाही. शेवटच्या तीन प्रकरणांवर एकही मिळालेला नाही. जागा कोऱ्या. साधा अंदाजसुद्धा ठोकलेला नाही."

"झालं तर," मिसेस पेट्रोस्कींचा चेहरा खुलला. "आणि ती तीन प्रकरणं..."

"मिस्टर दुदा गेल्यानंतरची."

शेजारच्या प्राध्यापकाने पेनचं टोपण काढलं. मिसेस पेट्रोस्की नोरीनकडे वळल्या. त्यांनी आवाज मऊ केला, कोर्टात चांगले वकील आपल्याच साक्षीदाराशी बोलताना करतात तसा. प्रश्नाचं उत्तर प्रश्नातच होतं. "मिसेस दुदा, एवढंच सांगा. ते गेल्यावर ती तीन प्रकरणं शिकणं तुम्हाला अशक्य झालं होतं. बरोबर?"

होय म्हणायचं होतं. एक शब्द. नोरीनने हजारो लोकांना अशा प्रश्नावर होय म्हणताना ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर, त्यांतल्या बऱ्याच जणांचं होय याहून पुष्कळ वाईट होतं.

"नाही," ती म्हणाली. "आम्ही तिथपर्यंत पोचलो नव्हतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि रेजिस." मग तिने थांबायला पाहिजे होतं. "तो गेल्यावर परीक्षेला पंधरा दिवस होते. मी रोज रात्री बसत होते. पहिली एकोणचाळीस मी दोनदा केली. पुढची तीन उघडली नाहीत. जमत नव्हतं असं नाही. मला ती नको होती."

मिसेस पेट्रोस्कींनी रुमालांचा डबा आणखी थोडा पुढे केला. "अहो, तेच तर. शोक म्हणजे दुसरं काय असतं? आम्ही तेच लिहितो."

"तुम्ही लिहिणार की त्या सत्रात मी काही शिकले नाही."

"फक्त माघार, एवढंच लिहिणार. सत्र निघून जाईल."

"सगळंच?"

"सगळंच. अर्धं सत्र काढता येत नाही."

नोरीन जानेवारीपासूनचा विचार करत होती. फुप्फुसं, मूत्रपिंड, पाच हृदयांचं गांडूळ, डाव्या हाताच्या पानावरचं ते चित्र. त्या चार महिन्यांत तिने दुसरं काहीच धडपणे केलेलं नव्हतं. औषधांच्या वेळा तिने चुकवल्या होत्या. शेवटच्या दुपारी ती त्याच्यापाशी नव्हती, खाली स्टेलाला सूप देत होती. एवढी एक गोष्ट दोघांनी नीट केली होती आणि ती गिल्हूलींच्या वहीत होती.

"मला आयुष्यात जे काही नीट आलंय ते त्या सत्रात आलंय," ती म्हणाली. "ते मला काढायचं नाही. अर्ज परत द्याल का?"

पेनवाल्या प्राध्यापकाने टोपण परत लावलं. मिसेस पेट्रोस्कींनी अर्ज हातात धरून ठेवला. "मिसेस दुदा, तुमची तिकडची जागा जाईल ना?"

"हो."

"आज घरी जाऊन विचार करा. आम्ही शुक्रवारी पुन्हा बसू."

"मला विचार करायला वेळ दिला की मी खराब करते, असं माझी सासू म्हणते," नोरीन म्हणाली, आणि अर्जासाठी हात पुढे केला.

बाहेर वऱ्हांड्यात गिल्हूली तिच्याबरोबर चालत आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं आणि तीस वर्षांत ते मुख्यतः बेडकांबद्दलच बोलले होते. "ती तीन प्रकरणं फारशी महत्त्वाची नाहीत," ते शेवटी म्हणाले. "दर वर्षी मी ती घाईत उरकतो."

"मला माहीत आहे. मी नंतरही वाचलेली नाहीत."

त्यांनी मान हलवली, तिच्याशी हस्तांदोलन केलं, आणि आपल्या वर्गाकडे गेले.

घरी स्टेला दाराशीच खुर्ची टाकून बसली होती. नोरीनने अर्जाला जोडलेला दाखला तिच्या हातात परत दिला. तो बघूनच काय झालं ते स्टेलाला कळलं. तिने डबा मागितला, दाखला आत ठेवला, झाकण लावलं. झाकण नीट बसेना म्हणून दोनदा दाबलं.

"तो असता तर तुला मूर्ख म्हणाला असता," स्टेला म्हणाली.

"हो, मा."

"मीही म्हणते."

"हो."

"सूप ठेवलंय," स्टेला म्हणाली. मग तिने पदरासारखा एप्रनचा कोपरा डोळ्यांना लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही, आणि नोरीन तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर कोर्टाच्या कपड्यांत बसून राहिली. त्या दोघींनी रेजिससाठी एकत्र रडायची ही पहिलीच वेळ. तीन वर्षं एकीने वर आणि एकीने खाली, छत मधे ठेवून उरकलं होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत नोरीनने फिलाडेल्फियाला फोन लावला. डॉ. ऑस्टरवाइल स्वतःच बोलल्या. तिने सांगितलं, गुणपत्रक येणार नाही, जागा धरून ठेवू नका.

"त्यांनी नकार दिला?"

"नाही. ते द्यायला तयार होते. मी मागे घेतला."

"का ते मी विचारू शकते?"

नोरीनने सांगायचा प्रयत्न केला. दोन वाक्यं झाली, तिसऱ्यात विशेषण लागत होतं, ते मिळेना. "ते सत्र खरं झालं होतं," एवढंच ती म्हणाली.

"प्रतीक्षायादीवर एक मुलगा आहे," ऑस्टरवाइलबाई म्हणाल्या. "चोवीस वर्षांचा. न्यूयॉर्कला जाहिरातीत होता. हुशार आहे. अगदी कोरा." त्यांच्या स्वतःच्याच कानाला ते कसंसं लागलं असावं. "चांगला मुलगा आहे, नोरीन."

"असेल."

"मला फार वाईट वाटतंय. तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. समिती बदलते, माणसं बदलतात. पुढच्या वर्षी कराल?"

कोर्टाच्या दारातून शिपायाने तिला हात केला. ज्युरी परत आली होती, साक्षीदार उभा होता, तिच्यावाचून कामकाज सुरू करता येत नव्हतं.

"पुढच्या वर्षीही माझं जीवशास्त्र झालेलंच असेल," नोरीन म्हणाली, बाईंचे आभार मानले आणि आत गेली.